तारापूरच्या इंधनाचे राजकारण

तारापूर हे भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राच्या काठी ते उभे आहे. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या राजकारणाची झळ महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वाधिक काळ बसली ती याच केंद्राला.

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेने स्वस्त कर्ज दिले, जनरल इलेक्ट्रिकने दोन अणुभट्ट्या उभारल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते तेव्हा भारतात तयार होत नव्हते. इंधन अमेरिकेचेच वापरायचे आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तपासणी मान्य करायची, अशा अटी होत्या. खरी मेख पहिल्या अटीत होती.

दरम्यान आशिया बदलला. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. १९६८च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात जुन्या पाच अण्वस्त्रधारी देशांना एक न्याय आणि इतरांना दुसरा होता, म्हणून भारताने सही केली नाही. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला. त्यातले प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते. तारापूरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी शिक्षा तारापूरला झाली, हा उघड अन्याय होता.

जानेवारी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर दिल्लीत आले. मोरारजी देसाई अणुधोरणावर बधत नाहीत असे पाहून, परत गेल्यावर त्यांना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहावे लागेल, असे त्यांनी परराष्ट्रमंत्री व्हान्स यांना हळूच सांगितले. ध्वनिक्षेपक चालू असल्याने ते पत्रकारांनी ऐकले. दोनच महिन्यांत अमेरिकेत नवा कायदा झाला: आपल्या सर्व अणुप्रकल्पांची तपासणी मान्य न करणाऱ्या देशाला इंधन नाही. जुन्या कराराला मागाहून आलेल्या कायद्याची कात्री लागली.

पण १९७९च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेला भारत दुखावणे परवडेनासे झाले. अमेरिकी अणुनियामक आयोगाने नकार दिलेला ३८ टन इंधनाचा पुरवठा कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात मंजूर केला. प्रतिनिधिगृहाने तो फेटाळला. सप्टेंबर १९८० मध्ये सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी तो जेमतेम तरला.

पुढचा मार्ग १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत निघाला: अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यायचे. १९९३ मध्ये करार संपला, फ्रान्सही मागे हटला आणि १९९५ मध्ये चक्क चीनने इंधन पुरवले. ज्या चीनच्या अणुबॉम्बमुळे भारताचे धोरण बदलले, त्याच्याच युरेनियमवर तारापूर चालले. २००१ मध्ये रशियाने इंधन दिले, तेव्हा अमेरिकेने आक्षेप घेतला. अखेर सप्टेंबर २००८ मध्ये अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला सवलत दिली आणि अडथळा दूर झाला. चीनच्या वाढत्या बळाला तोल देणारा देश म्हणून अमेरिकेला आता भारत हवा होता.

या ओढाताणीत भारताने धडा घेतला. तारापूरचे तिसरे आणि चौथे संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचे असून नैसर्गिक युरेनियमवर चालतात. ते भारतीय अभियंत्यांनी बांधले आणि २००५-०६ मध्ये सुरू झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. जुन्या दोन संचांवर आंतरराष्ट्रीय तपासणी आहे. नवे दोन मात्र नागरी आणि लष्करी अणुप्रकल्पांच्या २००६च्या विभागणीत भारताने तपासणीबाहेर ठेवले.