आपल्या हातानं लिहिलेलं

गटाच्या वहीत अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही करणाऱ्या बाईचा चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. आज अशाच, आपल्या हातानं लिहिण्याची गोष्ट सांगते.

लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधल्या कूपव्रे गावात जन्मला. वडील घोड्यांची खोगीरं, लगाम शिवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या आरीशी खेळत होता, ती डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि दुसराही डोळा गेला. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला.

तिथं जाड कागदावर उठावाची मोठाली अक्षरं असत. मुलं ती बोटांनी चाचपून वाचत. पण ती छापखान्यातच उठत, मुलांना तशी लिहिता येत नसत. वाचायचं ते दुसऱ्यानं दिलेलं, आणि मनातलं कागदावर आणायचं तर दुसऱ्याच्या पाया पडायचं.

पुढं शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके. बोटाखाली एकदम मावत नसत. लुईनं खटपट करून ते सहावर आणले. साल १८२४, वय पंधरा! साधनही साधंच: खाचांची पट्टी आणि टोचणी. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटून डावीकडून वाचायचं.

शाळेत काही वर्षं या लिपीला विरोध झाला. मुलांनी मात्र ती सोडली नाही. एकदा स्वतः लिहिलं की कोण सोडेल? १८५२ साली ब्रेल वारले, आणि १८५४ साली फ्रान्सनं त्यांच्या लिपीला मान्यता दिली. आपल्याकडं १९५१ साली भारती ब्रेल ठरली. आपली मराठीही त्याच सहा ठिपक्यांत लिहितात.

आता मोबाईल लिहिलेलं वाचून दाखवतो, बोललेलं टाइप करतो. हात नीट न चालणाऱ्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि योग्य साधनं मोफत देण्याची तरतूद आहे.

तेव्हा आपल्या वस्तीत अशी मुलगी असेल, तर "शाळेत जाते का?" एवढंच विचारून थांबू नका. "ती लिहिते कशानं?" हेही विचारा. उत्तर नसेल, तर तिच्या आईला सोबत घेऊन शाळेत जा. तिचा निबंध तिचाच असू द्या.