गवत कापण्यासाठी छोटा ट्रॅक्टर : घेण्याआधी काय पाहावे

बडोद्याहून वासदकडे जाताना बाजवा आणि रणोली मागे पडले की नंदेसरी लागते. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला महीची कोतरे. या पट्ट्यात गवत कापण्याचे काम तीन ठिकाणी असते : कारखान्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या मैदानांवर, आणि सिंधरोट-फाजलपूरकडच्या वाड्यांमध्ये. जूनअखेरीस पाऊस सुरू होतो आणि भाद्रपदापर्यंत गवत गुडघ्याच्या वर जाते. गणपतीचा मांडव घालण्याआधी ते कापावे लागते, नवरात्रात गरब्याच्या मैदानासाठी पुन्हा कापावे लागते. दिवाळीपर्यंत तेच गवत वाळून काडेपेटीची वाट पाहत उभे असते.

दर वर्षी मजूर शोधण्यापेक्षा एकदाच छोटा ट्रॅक्टर घेऊन टाकावा, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. तो कधी बरोबर ठरतो आणि कधी तीन-चार लाख रुपये शेडमध्ये उभे राहतात, याचा हिशेब या लेखात मांडला आहे.

आधी जागा मोजा

विघ्याचे माप गावोगाव बदलते, म्हणून मोजणी गुंठ्यात करावी. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. झाडे, बाके, पाइप, गटारे आणि चेंबर यांनी अडलेली जागा वजा करा, कारण तिथे कोणताही ट्रॅक्टर जात नाही. तिथले काम हाताने किंवा ब्रश कटरनेच होते.

यंत्र तासाला किती काम करील, हे सोप्या गणिताने काढता येते : पात्याची रुंदी (मीटर) गुणिले वेग (तासाला मीटर), आणि वळणे व थांबे धरून त्याचे पाऊण.

– अर्ध्या मीटरचा ढकलायचा लॉन मोवर, वेग तासाला ३ किलोमीटर : सुमारे १० गुंठे. यात वळणे जास्त होतात, म्हणून पाऊणपेक्षा थोडे कमी धरले आहे.
– ०.९ मीटरचा स्लॅशर, वेग ४ किलोमीटर : सुमारे २७ गुंठे.
– १.२ मीटरचा स्लॅशर, वेग ४ किलोमीटर : सुमारे ३५ गुंठे.

खांद्याला लावायचा ब्रश कटर चालवणारा सराईत माणूस दिवसभरात साधारण अर्धा ते पाऊण एकर कापतो. गवत दाट असेल तर त्याहून कमी.

दहा-पंधरा गुंठ्यांच्या मैदानाला ट्रॅक्टरची गरज नाही, हे एवढ्यावरूनच दिसते. दोन एकरांच्या पुढे मोकळी, सपाट जागा असेल तरच पुढचा विचार करावा.

दोन वेगळी यंत्रे, एकच नाव

‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणून बाजारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे बसून चालवायचा लॉन मोवर. याचे पाते पोटाखाली असते आणि इंजिन बहुधा पेट्रोलचे असते. वजन कमी असल्याने ओल्या जमिनीवर चाकोऱ्या पडत नाहीत आणि कापणी एकसारखी होते. मात्र तो राखलेल्या हिरवळीसाठी बनवलेला असतो. गुडघाभर गवत, दगड आणि वारुळे असलेल्या जमिनीत त्याचे पट्टे तुटतात आणि पाती वाकतात. आपल्याकडे मिळणारे बरेचसे मोवर आयात केलेले असल्याने सुटे भाग मिळायला वेळ लागू शकतो.

दुसरी म्हणजे शेतीचा मिनी ट्रॅक्टर, मागे स्लॅशर जोडलेला. महिंद्रा युवराज २१५ हा १५ एचपीचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर, कुबोटाचा निओस्टार ए२११एन २१ एचपीचा. बंगळुरूची व्हीएसटी आणि राजकोटची कॅप्टन याही कंपन्या या वर्गातले ट्रॅक्टर बनवतात. स्वराज कोड हा २०२१ मध्ये आलेला ११ एचपीचा पेट्रोल ट्रॅक्टर त्यांच्याहून हलका आहे. मिनी ट्रॅक्टर उंच गवत सहज कापतो, आणि उरलेल्या वेळात ट्रॉली, फवारणी, नांगरणी अशी कामेही करतो. कापणी मात्र खडबडीत होते. युवराजसारख्या ट्रॅक्टरचे वजन पाऊण टनाच्या पुढे असते, त्यामुळे श्रावणात काळ्या जमिनीत तो घातला तर मैदानावर खोल चाकोऱ्या राहतात.

थोडक्यात, हिरवळ राखायची असेल तर मोवर आणि माजलेले गवत पाडायचे असेल तर मिनी ट्रॅक्टर. एकाच यंत्राकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवू नये.

ताकद किती हवी

रानगवत कापणाऱ्या स्लॅशरला रुंदीच्या प्रत्येक फुटामागे सुमारे ५ एचपी लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. १५ एचपीच्या ट्रॅक्टरला ३ फुटी स्लॅशर पुरे. ४ फुटी हवा असेल तर २० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर पाहावा. पीटीओवर इंजिनाची पूर्ण ताकद पोहोचत नाही, हे लक्षात ठेवावे. स्लॅशर ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनवलेला आहे ना, तेही तपासावे.

विकणारा सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरांत गिअरचा आणि पीटीओचा क्लच एकच असतो. क्लच दाबला तरी स्लॅशरची जड पाती फिरत राहतात आणि तीच उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. समोर भिंत किंवा माणूस असेल तर ट्रॅक्टर वेळेवर थांबत नाही. यावर उपाय म्हणजे पीटीओ शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच बसवणे. ट्रॅक्टरच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तो टाळू नये. शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण आणि शिअर बोल्ट आहेत का, हेही पाहावे. पाते दगडावर आदळले की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्याच्या जागी साधा जाड बोल्ट बसवणे म्हणजे गिअरबॉक्सवर पाणी सोडणे.

परवडते का?

समजा, ट्रॅक्टर आणि स्लॅशर मिळून ४ लाख रुपये लागले आणि दहा वर्षांनी १ लाख परत आले. म्हणजे वर्षाला ३० हजार गेले. विमा, सर्व्हिसिंग आणि पात्यांसाठी आणखी १० हजार धरू. असे वर्षाचे ४० हजार, डिझेल आणि चालक वेगळे.

नुसत्या गवतासाठी ट्रॅक्टर वर्षात २० तास चालला, तर तासाला २ हजार रुपये पडले. वाडीतली इतर कामे धरून २०० तास चालला, तर तासाला २०० रुपये. आपल्या गावात भाड्याच्या ट्रॅक्टरचा तासाचा दर विचारा आणि या आकड्याशी ताडून पाहा. बहुतेक सोसायट्यांचे आणि मंडळांचे उत्तर इथेच मिळते : वर्षातून तीनदा भाड्याने आणावा आणि कोपऱ्यांसाठी एक चांगला ब्रश कटर विकत घ्यावा. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी एकाच दिवशी काम ठरवले तर ट्रॅक्टर आणण्या-नेण्याचा खर्च वाटला जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुने दरपत्रक हातात असेल तर नवे मागून घ्यावे. गुजरात सरकारच्या आय-खेडूत पोर्टलवरील अनुदान शेतकऱ्यांसाठी आहे. सोसायटीने किंवा मंडळाने ते हिशेबात धरू नये.

विश्वासार्ह म्हणजे काय

बडोद्याला ट्रॅक्टर नवा नाही. इथल्या कारखान्यातून ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टर निघत. १९७८ मध्ये राज्य सरकारच्या हाती आल्यावर तो गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाला, १९९९ मध्ये त्यात महिंद्रा आली आणि २०१७ पासून त्याचे नाव ग्रोमॅक्स आहे. कंपन्यांची नावे आणि मालक बदलतात. आपल्याकडचे यंत्र मात्र पंधरा वर्षे चालवायचे असते. म्हणून छापील माहितीपत्रकापेक्षा दुकानदाराला हे प्रश्न विचारावेत :

– सर्व्हिसचा माणूस कुठून येतो? बडोद्यातून की राजकोटहून?
– एअर फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, स्लॅशरची पाती आज दुकानात आहेत का? नसतील तर किती दिवसांत येतात?
– याच मॉडेलचा तीन वर्षे वापरणारा जवळपास कोण आहे? त्याला प्रत्यक्ष भेटून विचारावे.

जुना ट्रॅक्टर घेताना इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. स्लॅशर उचलून इंजिन बंद करावे. तो भराभर खाली आला तर हायड्रॉलिक थकलेले आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ शिवाय व्यवहार करू नये. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.

देखभालीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत अडकते आणि इंजिन तापते, म्हणून कापणीच्या दिवशी जाळी दोनदा झाडावी. पेट्रोल यंत्र हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालवून मगच ठेवावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते, आणि पुढच्या जूनमध्ये यंत्र चालू होत नाही.

उतार आणि पाते

महीकाठच्या वाड्यांमध्ये जमीन अचानक कोतराकडे उतरते. बसून चालवायच्या मोवरांच्या माहितीपुस्तिकांत साधारणपणे १० ते १५ अंशांची मर्यादा असते. १० अंश म्हणजे एक मीटर पुढे जाताना सुमारे १८ सेंटिमीटर चढ, डोळ्याला तो फारसा वाटत नाही. मोवर आणि ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवू नये, वर-खाली चालवावा. कोतराच्या काठापासून दूर राहावे, कारण पावसात काठ आतून पोखरलेला असतो. शक्य असेल तर रोल बार असलेलाच ट्रॅक्टर घ्यावा आणि त्यात पट्टा बांधून बसावे.

५० सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर त्याचे टोक ताशी २८० किलोमीटरच्या वर धावते. त्याने उडवलेला खडा गोळीसारखा लागतो. म्हणून कापणीआधी मैदान पायी फिरून दगड, तारा आणि बाटल्या उचलाव्यात. त्याच फेरीत साप आणि टिटवीची अंडीही दिसतात. मुलांना यंत्रावर मांडीवर घेऊन बसू नये. गाजर गवत फुलण्याआधीच कापावे. फुलल्यावर कापले तर यंत्रच त्याचे बी सगळीकडे पसरवते.

कारखान्याच्या आवारात

नंदेसरीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आग काय करते हे या वसाहतीने २ जून २०२२ रोजी पाहिले आहे. वाळलेले गवत कुंपणापासून टाकीपर्यंत आग नेणारी वातच असते, म्हणून ते हिरवे असतानाच कापायला हवे. पण कापणारे यंत्रही ठिणगी टाकू शकते : सायलेन्सरमधून, किंवा पाते दगडावर आदळून. म्हणून सॉल्व्हंटच्या टाक्या, ड्रमचे यार्ड आणि टँकर रिकामे करण्याची जागा यांच्याजवळ कोणतेही इंजिन नेऊ नये. तिथे विळ्याने कापावे, आणि तेही सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून. इतर आवारात परमिट, सायलेन्सरवर स्पार्क अरेस्टर आणि जवळ अग्निशामक असल्याशिवाय काम सुरू करू नये. गरम इंजिनात इंधन भरू नये. कापलेले गवत तिथेच पडू देऊ नये, जाळू तर मुळीच नये. रासायनिक कारखान्याच्या आवारातले गवत जनावरांना घालू नये.

वाडीतले गवत वैरणीसाठी हवे असेल तर स्लॅशर उपयोगाचा नाही, तो गवताचा चुरा करतो. त्यासाठी विळा किंवा आडव्या दात्यांचे कापणी यंत्रच बरे.

निर्णयासाठी थोडक्यात

– अर्ध्या एकरापर्यंत : ढकलायचा मोवर किंवा ब्रश कटर.
– अर्धा ते दोन एकर : ब्रश कटर, आणि वर्षातून तीनदा भाड्याचा ट्रॅक्टर.
– दोन एकरांच्या पुढे, राखलेली सपाट हिरवळ : बसून चालवायचा मोवर, सर्व्हिस जवळ असेल तरच.
– दोन एकरांच्या पुढे, वाडी आणि इतर शेतीकामे : मिनी ट्रॅक्टर आणि स्लॅशर, ओव्हररनिंग क्लचसह.

खरेदी करायची असेल तर ती उन्हाळ्यात करावी. जुलैत गवत वाढल्यावर घाईने घेतलेले यंत्र नीट पारखले जात नाही, आणि पहिल्या बिघाडाला मेकॅनिक सगळीकडे अडकलेला असतो.