काळी, पांढरी आणि आमचे शनिवार-रविवार

तर मंडळी, झालं असं की आम्ही दोघांनी मिळून एक भिंत बिघडवली. पगार देऊन नाही, स्वतःच्या हातांनी. तीही आजोबांच्या घराची.

घर अमरावतीच्या जुन्या गावात, परकोटाच्या आत. दगडी जोतं, सागाचे खांब, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर धाबं. दहा वर्षं बंद होतं. २०२० मध्ये ऑफिसने 'घरूनच काम करा' म्हटलं, आम्ही पुण्याचा भाड्याचा फ्लॅट सोडून गावी आलो, आणि तेव्हापासून हे घर डोक्यात बसलं. बाबांचं म्हणणं साधं होतं : विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे, पाडून तो दुकानं काढेल. आम्ही म्हटलं, एक खोली तरी करून बघू द्या. बाबा म्हणाले, "करा. पुढच्या दिवाळीपर्यंत. मग बघू."

आम्ही दोघंही आयटीवाले. बायको टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचा तिला पगार मिळतो (घरी हे काम ती फुकट करते). चार व्हिडिओ पाहिले, थापी-रंधा विकत आणला आणि उन्हाळ्यातले सहा शनिवार-रविवार घालवून पोपडे आलेला जुना गिलावा खरवडला. त्यावर मस्त सिमेंटचं प्लास्टर, वर प्लास्टिक पेंट. फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. काय ती भिंत, काय ती चकाकी!

पावसाळ्यात ती भिंत फुगली. रंगाला पोळी फुगते तसे फुगे आले, तळाशी पांढरा लोणा लागला, आणि बायकोने नाण्याने ठोकून पाहिलं तर आतून पोकळ आवाज. शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काहून केलं बाप्पा हे? मातीले सिमेंट पचत नाही. भितीले श्वास घेऊ द्या लागते."

'श्वास' हा शब्द तेव्हा मला काव्यात्म वाटला होता. नंतर कळलं की ते शुद्ध इंजिनिअरिंग आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडी थोडी वर ओढते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडते. बाहेरून सिमेंट आणि प्लास्टिक पेंटचं झाकण लावलं की ओल आतच अडकते. पाण्याबरोबर आलेले क्षार झाकणामागे साठतात, माती सुटते, आणि कडक सिमेंट आपल्या जागी राहून आतली भिंत मात्र त्याला सोडून देते. म्हणजे प्लास्टर पक्कं होतं, म्हणूनच भिंत गेली.

इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली तरी हे मला माहीत नव्हतं. आमच्या आजीला मात्र नक्की माहीत असणार. ती दरवर्षी दिवाळीआधी भिंती पोतारायची, पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकून घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, गरिबी आहे म्हणून दरवर्षी करावं लागतं. आता वाटतं, ते मेंटेनन्स शेड्यूल होतं.

इथून माझं वाचन सुरू झालं, आणि पहिलाच धक्का दोन अगदी ओळखीच्या शब्दांनी दिला. काळी आणि पांढरी. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे हे दोनच भाग : काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. मला वाटायचं नुसती बोलायची पद्धत. पण वऱ्हाडात ही सरळ सरळ मातीची नावं आहेत. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती सोनं, घराला वैरीण. म्हणून जुनी गावं काळीवर पाय पसरत नव्हती. वस्ती एकाच उंचवट्यावर, पिढ्यान्‌पिढ्या. पडलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, चुना हे सगळं थरावर थर साचून ती जागाच पांढरट होत गेली. आणि नवं घर बांधायला माती कुठली? तीच. जुन्या घरांच्या मातीतून नवी घरं उभी राहिली.

म्हणूनच पुरातत्त्ववाले या पांढरीवर खणतात. आपल्याच जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूरला, जे रुक्मिणीचं माहेर म्हणून आपल्याला ठाऊक असतं, तिथे उत्खननात सातवाहन काळातली आणि त्याही आधीची वस्ती सापडली. चांदूरबाजारकडच्या तुळजापूर गढीला तर ताम्रपाषाण युगातली घरं निघाली. गावाचं नावच बघा, 'गढी'. वऱ्हाडात देशमुख-पाटलांच्या मातीच्या गढ्या गावोगाव आहेत. ज्यांच्यावर कुणी छप्पर ठेवलं नाही त्या दर पावसाळ्यात वीतभर खाली येतात आणि पुन्हा पांढरीत मिसळतात.

हे सगळं वाचून मी अकोल्याला सासरी गेलो तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. सासऱ्यांचं घर नव्या लेआउटमध्ये, पूर्वीच्या कापसाच्या शेतात. दरवर्षी दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते, दरवर्षी ती बुजवतात, दरवर्षी ती परत येते. ठेकेदाराला शिव्या घालून झाल्या होत्या. मी म्हटलं, "बाबा, दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. आपण काळीवर पांढरी बसवलीय." ते हसले. म्हणाले, "जावईबापू, हे प्लॉट घ्यायच्या आधी सांगायचं होतं."

अकोल्याला जाणं झालं की आमची एक ठरलेली भटकंती असते, ती म्हणजे नरनाळा. अकोट गाठायचं, तिथून शहानूर, मग वनखात्याची परवानगी काढून वर. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, त्यामुळे गर्दी नाही. पूर्वी आम्ही तिथे फोटो काढायला जायचो. त्या वेळी पहिल्यांदा भिंती पाहायला गेलो. महाकाली दरवाजासमोर नेहमीप्रमाणे थबकलो. पांढरट दगड, कोरीव कमळं, झरोके आणि वर सुंदर वळणाची अक्षरं. हा दरवाजा १४८७ चा, फतहुल्ला इमाद-उल-मुल्क वऱ्हाडचा सुभेदार असतानाचा. त्याने नंतर १४९० मध्ये बहमनींपासून वेगळं होऊन इमादशाही सुरू केली.

पण किल्ला त्याच्याही आधीचा. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की अहमदशहा बहमनी १४२५ च्या सुमारास एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, मुक्काम करून होता. तेव्हा त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला. 'दुरुस्त केला' यावर मी अडकलो. म्हणजे १४२५ मध्येच नरनाळा जुना होता! मूळ कुणी बांधला ते सोडा, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव मात्र इतिहासाने जपलं.

दोन आठवड्यांनी गाविलगड. परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा, तिथून पुढे किल्ला. (चिखलदऱ्याची कॉफी आणि भीमकुंडाचा धबधबा हे अधिकृत कारण, भिंती हे माझं कारण. बायकोला आधीच कळलं होतं.) इथेही तेच. फतहुल्लाने १४८८ मध्ये किल्ल्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाजावर सिंहांबरोबर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय. हे विजयनगरकडचं चिन्ह, आणि फतहुल्ला मूळचा तिकडचाच, लहानपणी पकडून आणलेला. माणूस धर्म बदलून, प्रांत बदलून वऱ्हाडचा धनी झाला, आणि दुरुस्तीच्या कामात माहेरची खूण ठेवून गेला. पुढे बहरामच्या बुरुजावर १५७७ चा लेख आहे. तेव्हा इमादशाही संपून निजामशाही आलेली. राज्यं बदलली, भिंतीचं काम चालू राहिलं.

आम्हा दोघांना हे बघून एकदमच सुचलं : हे शिलालेख म्हणजे चेंजलॉग आहेत! कुठल्या साली, कुणाच्या कारकिर्दीत, काय बदललं. सॉफ्टवेअर कसं टिकतं ते आम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी ते कुणी लिहिलं याच्यापेक्षा, नंतर दहा वर्षं त्यातल्या चुका कोण काढत होतं यावर ते टिकतं. गडाचंही तेच निघालं.

आणि गाविलगड पडला तो दिवसही याच हिशेबात वाचता येतो. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, नंतर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेकडून तोफा चढणं अवघड. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून स्वतः रस्ता करत तोफा उत्तरेला लबाडाच्या बाजूला ओढत नेल्या. तिथून भिंतीला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह. पाठ्यपुस्तकात असतो तो हा भाग. पण आम्ही उत्तरेच्या तटाशी उभे होतो तेव्हा मला दुसरंच दिसत होतं. तोफांनी जेवढी भिंत पाडली, त्याच्या कितीतरी पट भिंत नंतर पिंपळाच्या मुळांनी आणि पावसाने पाडली आहे. खिंडार दोन दिवसांत पडलं. बाकीचं पडायला दुर्लक्ष पुरलं.

परत अमरावतीला आलो तर आमच्या घराच्या मागे स्वतःचाच किल्ला उभा! परकोट रोज दिसतो म्हणून कधी पाहिलाच नव्हता. १८०७ मध्ये निजामाच्या सरकारने तो बांधायला घेतला. इथल्या सधन व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांपासून वाचवायला. जुन्या गॅझेटियरमध्ये मापं आहेत : सव्वादोन मैलांचा वेढा, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे, चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट आपण रिक्षावाल्याला पत्ता म्हणून सांगतो. पेंढारी संपले, कापसाचा पैसा आला, १८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वे बडनेऱ्यावरून गेली, आणि गाव तटाबाहेर, काळीवर पसरलं. तट मात्र जिथे घरांना पाठ द्यायच्या कामी आला, तिथे टिकलेला दिसतो.

यावर बायको म्हणाली, "म्हणजे जे वापरात राहतं तेच राहतं. मग आपण एक खोली करून कुलूप लावण्यात काय अर्थ आहे? राहायला हवं."

मी गप्प. कारण बरोबर होतं.

दिवाळीनंतर आम्ही आमचंच सिमेंट छिन्नीने काढलं. सहा रविवारांचं काम उतरवायला आठ रविवार लागले. मग मिस्त्रीकाकांच्या देखरेखीखाली जुन्याच भिंतीची गळून पडलेली पांढरी माती चाळली, त्यात गव्हाचं कुटार आणि शेण घालून मुरत ठेवली. थर पातळ, एक वाळला की दुसरा. चुना टाकीत भिजवून ठेवला आणि शेवटी त्याचे हात दिले. चकाकी अजिबात नाही. फोटोत तर काहीच दिसत नाही. पण दुसऱ्या पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि आपोआप वाळली. नाणं ठोकलं, आवाज भरीव. टेस्ट पास :)

या कामात माळ्याशेजारच्या तुळईवर धूळ पुसताना पेन्सिलीची अक्षरं दिसली. आजोबांचं अक्षर. 'खारी टाकली' आणि साल, त्याखाली पुन्हा 'खारी टाकली' आणि साल. मधेच एकदा 'खांब बदलला'. शेवटची नोंद माझ्या जन्माच्या वर्षाची.

बाबांना फोन करून बोलावलं. ते स्टुलावर चढले, चष्मा वर केला, एकेक ओळ बोटाने वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली उतरल्यावर विकण्याचा विषय निघेल म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी खिशातून पेन काढलं, मग ते परत ठेवलं आणि म्हणाले, "पेन्सिल आहे का रे घरात? शाई उडून जाते."

घर विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. दिवाळीची मुदत एकदा वाढून मिळालीय. धाब्याचं काम बाकी आहे, त्यासाठी खारी माती खारपाणपट्ट्यातून आणावी लागेल, आणि ते काम आता किती लोकांना येतं देव जाणे. पण गेल्या महिन्यापासून आम्ही त्या एका खोलीत राहतोय. शनिवारी थापी, रविवारी जमलं तर एखादा किल्ला.

तुमच्याही गावी असं एखादं घर बंद असेल तर पाडायच्या आधी एकदा तुळईवरची धूळ पुसून बघा. आणि भिंत मातीची असेल तर कृपा करून सिमेंट लावू नका!