मूलद्रव्यांचे नामकरण
नव्या मूलद्रव्याचे नाव सुचविण्याचा मान शोधकांचा असतो. मान्यता आंतरराष्ट्रीय शुद्ध व अनुप्रयुक्त रसायनशास्त्र संघ (आययूपॅक) देतो. पुराणकथा, खगोलीय वस्तू, खनिज, स्थळ, गुणधर्म किंवा वैज्ञानिक यांवरून नाव घेतात. सतराव्या गटात ‘-ईन’, अठराव्यात ‘-ऑन’ व इतरत्र ‘-इयम’ हा प्रत्यय लागतो. त्यानुसार प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या ११७ व ११८ अणुक्रमांकांच्या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये टेनेसीन व ओगानेसॉन ही नावे मिळाली. अठराव्या गटातील हीलियम मात्र अपवाद आहे. १८६८ मध्ये इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटात अनोळखी पिवळी रेषा पाहून नॉर्मन लॉक्यर यांनी सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हे नाव दिले. तेव्हा ते मूलद्रव्य धातू असावे असा समज होता. पुढे १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी लॉक्यर कोकणात विजयदुर्गला आले होते.