दोन मिनिटांचा माणूस: हॅरी डीन स्टँटन

नटाचं आयुष्य सांगताना आपण नकळत शिडी धरतो. आधी किरकोळ कामं, मग मोठी, शेवटी नायक. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्याला ही शिडी लावून बघू.

हॅरी डीन स्टँटन १९२६ साली केंटकीत जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या जहाजावर स्वयंपाकी होता. पुढे केंटकी विद्यापीठ, मग कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना प्लेहाउस. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर काउबॉयच्या मालिकांचं पीक आलेलं होतं, आणि त्यांना दर आठवड्याला नवा गुंड, नवा वाटसरू लागायचा. 'गनस्मोक', 'रॉहाइड' अशा मालिकांत त्यानं ही कामं केली. १९६७ च्या 'कूल हँड ल्यूक'मध्ये तो अनेक कैद्यांपैकी एक. १९७९ च्या 'एलियन'मध्ये यानावरचा मेकॅनिक. सोबतचा काही बोलला की हा 'राइट' म्हणणार, एवढंच.

मग १९८४ साली, साठी जवळ आलेली असताना, विम वेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सस'मध्ये तो नायक झाला. वाळवंटातून चालत येणारा हा माणूस सुरुवातीला कितीतरी वेळ एक शब्द बोलत नाही. या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

शिडीच्या हिशेबानं गोष्ट इथे संपायला हवी. वनवास संपला, राज्याभिषेक झाला. पण पुढे काय झालं बघा. हा गृहस्थ परत छोट्या भूमिका करू लागला! १९८६ च्या 'प्रिटी इन पिंक'मध्ये नायिकेचा बाप, आणि १९९९ च्या डेव्हिड लिंचच्या 'द स्ट्रेट स्टोरी'त तर अगदी शेवटची दोनेक मिनिटं.

ती दोन मिनिटं नीट बघायला हवीत. दहा वर्षं अबोला धरलेल्या आजारी भावाला भेटायला एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला येतो. सगळा चित्रपट हा प्रवास. शेवटी भाऊ घराबाहेर येतो, तो स्टँटन. तो त्या यंत्राकडे बघतो. यावर बसून आलास, मला भेटायला? एवढंच विचारतो, आणि त्याचे डोळे भरून येतात. माफीचं भाषण नाही, गळाभेट नाही. पण ती नजर खोटी पडली असती, तर आधीचा सगळा प्रवास फुकट गेला असता.

म्हणजे 'दुय्यम' हा शब्द काय मोजतो? पडद्यावरची मिनिटं मोजतो. चित्रपट कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हे तो सांगत नाही. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण माणसं जोखताना हीच गल्लत मीही केली आहे. पद बघितलं, काम बघितलं नाही.

नव्वदीत स्टँटन पुन्हा एकदा नायक झाला, 'लकी' या चित्रपटात. मृत्यूकडे डोळे उघडे ठेवून बघणारा एक निरीश्वरवादी म्हातारा. तोही एकेकाळचा नौदलातला स्वयंपाकी. दिग्दर्शक जॉन कॅरोल लिंच हा स्वतःच छोट्या भूमिकांत मुरलेला नट, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच चित्रपट. १५ सप्टेंबर २०१७ रोजी स्टँटन गेला, आणि दोन आठवड्यांनी 'लकी' अमेरिकेत प्रदर्शित झाला.

दोनदा नायक झालेला माणूस, असं त्याचं वर्णन करता येईल. पण मला विचाराल तर त्या यंत्राकडे बघणारा माणूस हेच त्याचं खरं वर्णन.