इतिहास परिषदेचें एक वर्ष

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत लोणार, सिंदखेड राजा आणि साखरखेर्डा हीं तीन गांवें परस्परांपासून फारशीं दूर नाहींत. लोणारला दैत्यसूदनाचें देऊळ आहे; त्यावरील कोरीव काम चालुक्य-यादवांच्या काळांतील शिल्पकलेची साक्ष देतें. सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान. लखुजी जाधवरावांची समाधि तेथेंच आहे. साखरखेर्डा येथें ऑक्टोबर १७२४ मध्यें निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून त्यानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा असें ठेविलें. लोकांच्या तोंडीं मात्र जुनेंच नांव टिकून राहिलें. घाट उतरून उत्तरेकडे गेलें कीं रोहिणखेड लागतें. तेथें १४३७ मध्यें बहामनी सरदार खलफ हसन यानें खानदेशच्या नासीरखानाचा मोड केला, आणि १५९० मध्यें त्याच ठिकाणीं जमालखानाला हरवून बुऱ्हाण निजामशहानें अहमदनगरची गादी मिळविली.

एवढ्याशा प्रदेशाचा इतिहास लिहावयास जो बसेल त्यानें स्वतःला कोणत्या काळाचा अभ्यासक म्हणवावें? देवळाच्या अभ्यासासाठीं संस्कृत व जुने शिलालेख हवेत, रोहिणखेडच्या लढायांसाठीं फारसी तवारिखा हव्यात, जाधवरावांच्या घराण्यासाठीं मोडी कागद हवेत, आणि १८५३ नंतरच्या वऱ्हाडासाठीं इंग्रजी दप्तर चाळलें पाहिजे. अबुल फजलच्या ऐने-अकबरींत लोणारचा उल्लेख येतो, आणि कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ तेथें मिळतात हेंही त्यानें नमूद केलें आहे. म्हणजे देऊळ पाहावयास गेलेल्या संस्कृत पंडितालाही मोगल दरबाराचा ग्रंथ टाळतां येत नाहीं. गांव एकच असतें. त्याचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तुकडे होतात ते अभ्यासकाच्या टेबलावर.

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नव्हता. हिंदुस्थानांतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांची जी अखिल भारतीय परिषद उभी राहिली, तिच्या पुढें तो अगदीं आरंभींच आला, आणि १९३८ सालीं तिनें त्याचें उत्तर दिलें. त्या वर्षीं परिषदेच्या अध्यक्षस्थानीं देवदत्त रामकृष्ण भांडारकर होते.

या परिषदेचा जन्म पुण्यांतला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. मंडळास पंचवीस वर्षें पूर्ण होत असतां, १९३५ च्या जून महिन्यांत, पुण्यास इतिहासाच्या अभ्यासकांचें अधिवेशन भरविण्यांत आलें. त्याच्या सिद्धतेंत दत्तो वामन पोतदार यांनीं पुढाकार घेतला होता. अध्यक्ष होते अलाहाबाद विद्यापीठांतील इतिहासाचे अध्यापक सर शफात अहमद खान. परिषदेनें तेव्हां जें नांव धारण केलें त्यांत ‘आधुनिक’ हा शब्द होता : आधुनिक इतिहास परिषद.

हा शब्द निष्कारण आलेला नव्हता. प्राचीन विद्येच्या अभ्यासकांना आपली सभा आधींच मिळाली होती. १९१९ सालीं पुण्यासच पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, आणि तिचें अध्यक्षपद देवदत्तांचे वडील सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना देण्यांत आलें. वेद, व्याकरण, शिलालेख, प्राकृत भाषा यांवरील निबंधांना तेथें हक्काची जागा होती. मराठेशाहीच्या किंवा कंपनी सरकारच्या काळावर काम करणाऱ्यास तशी नव्हती. शिवाय अर्वाचीन काळाचे कागद सरकारी दप्तरांत होते, आणि ते पाहावयास मिळणें दुर्घट होतें. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यांत असूनही पुण्याच्या संशोधकांस वर्षानुवर्षें त्यांचें दर्शन दुर्लभ होतें. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत निघाले, तेव्हां त्या दप्तराचा कांहीं अंश जगापुढें आला. अशा वेळीं अर्वाचीन इतिहासाला स्वतंत्र व्यासपीठ हवें असें वाटणें स्वाभाविक होतें.

परंतु त्यांत एक धोकाही होता. प्राच्यविद्येचे पंडित एका मांडवांत, अर्वाचीन इतिहासाचे प्राध्यापक दुसऱ्या मांडवांत, अशी वांटणी एकदां कायम झाली असती तर मधल्या शतकांनीं कोणाकडे जावें? आणि ज्या देशांत हिंदु, मुसलमान व इंग्रज अशीं इतिहासाचीं तीन पुस्तकें करून शिकविण्याची प्रथा पडली होती, तेथें विद्वानांनींच अशी फाळणी मान्य केली असती तर शाळेंतील मुलाला एकच देश कोणी दाखविला असता? १९३५ व १९३८ यांच्या मधल्या काळांत प्रश्न उभा होता तो हा.

परिषदेचें दुसरें अधिवेशन १९३८ मध्यें अलाहाबाद येथें, म्हणजे आजच्या प्रयागराज येथें, भरलें. आधुनिक इतिहासासाठीं म्हणून जन्मलेल्या संस्थेच्या दुसऱ्याच अधिवेशनाचें अध्यक्षपद प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाकडे गेलें, यांतच वाऱ्याची दिशा दिसते. भांडारकरांचा जन्म १८७५ चा. ते तेव्हां वयाच्या ६३ व्या वर्षांत होते. पुराणवस्तु खात्याच्या पश्चिम विभागांत त्यांनीं हेन्री कझिन्स यांच्या हाताखालीं काम केलें होतें व पुढें त्या विभागाची मुख्य जागा सांभाळली होती. १९१७ पासून १९३६ पर्यंत ते कलकत्ता विद्यापीठांत प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृति या विषयाचे कारमायकेल प्राध्यापक होते. अशोकावरील त्यांचीं व्याख्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध आहेत, आणि उत्तर हिंदुस्थानांतील कोरीव लेखांची त्यांनीं केलेली सूचि अभ्यासकांच्या नित्य उपयोगाची ठरली.

या कर्तबगारीच्या जोडीला त्यांच्या हातून घडलेली एक चूकही आहे, आणि ती लपविण्याजोगी नाहीं. १९११-१२ च्या सुमारास पश्चिम विभागाचे अधिकारी या नात्यानें ते सिंधमधील मोहेंजोदडोचे उंचवटे पाहावयास गेले. तेथल्या विटा त्यांना अलीकडच्या वळणाच्या वाटल्या. कोरीव मातकामाचा मागमूस दिसला नाहीं. आणि हें गांव फार तर दोनशें वर्षांपूर्वींचें असावें असा अभिप्राय त्यांनीं अहवालांत नोंदविला. पुढें त्यांच्याच जागेवर आलेले राखालदास बानर्जी यांनीं १९२२ मध्यें तेथें खोदकाम केलें, आणि १९२४ सालीं सर जॉन मार्शल यांनीं सिंधु संस्कृतीच्या शोधाची वार्ता जगाला सांगितली. दोनशें वर्षांचें म्हणून सोडून दिलेलें गांव चार-साडेचार हजार वर्षांचें निघालें.

अशा चुका थोरांच्या हातूनच होतात, कारण पहिल्यानें निर्णय देण्याचें धाडस तेच करतात. बेसनगरचा स्तंभ जनरल कनिंगहॅम यांनीं १८७७ मध्यें पाहिला होता. शेंदराच्या जाड थरामुळें त्यावरील लेख त्यांना दिसला नाहीं, आणि त्यांनीं तो गुप्तकाळाचा ठरविला. १९०९ मध्यें शेंदूर निघाला आणि ग्रीक वकील हेलिओडोरस यानें वासुदेवाच्या भक्तीनें उभारलेला, ख्रिस्तापूर्वीं दुसऱ्या शतकांतला तो गरुडध्वज असल्याचें उघड झालें. त्या जागेचें पद्धतशीर उत्खनन १९१३ ते १९१५ या काळांत ज्यांनीं केलें ते हेच देवदत्त भांडारकर. एका ठिकाणीं दुसऱ्यानें सोडलेला धागा त्यांनीं उचलला. दुसऱ्या ठिकाणीं त्यांनीं सोडलेला धागा दुसऱ्यानें उचलला. काळांच्या भिंती किती कच्च्या असतात याचा इतका जवळून अनुभव घेतलेला दुसरा अध्यक्ष त्या वेळीं सांपडणें कठीण होतें.

विद्वत्परिषदेच्या अध्यक्षाच्या हातीं सत्ता अशी थोडीच असते. त्याला नेमणुका करावयाच्या नसतात, खजिना उघडावयाचा नसतो. एक भाषण करावें, सभांचें नियमन करावें, वाद हातघाईवर येऊं देऊं नयेत, आणि ठराव झाल्यावर खुर्ची मोकळी करून द्यावी, एवढेंच त्याचें काम. तरी त्या खुर्चीवर कोण बसला आहे यावरून सभेचें मन ओळखतां येतें. अलाहाबादच्या त्या अधिवेशनांत परिषदेनें आपल्या नांवांतील ‘आधुनिक’ हा शब्द गाळला आणि ‘भारतीय इतिहास परिषद’ हें नांव घेतलें. अत्यंत प्राचीन काळापासून अर्वाचीन काळापर्यंतचा सर्व इतिहास हा तिचा विषय ठरला. हा निर्णय साऱ्या सभेचा होता, एकट्या अध्यक्षाचा नव्हे. परंतु तो झाला तेव्हां मोहेंजोदडोला दोनशें वर्षांचें म्हणणारा आणि त्यानंतरही शिकत राहिलेला एक वृद्ध पंडित अध्यक्षस्थानीं होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एक शब्द गळल्यानें काय साधलें? पुढच्याच वर्षीं, १९३९ मध्यें, परिषद कलकत्त्यास रमेशचंद्र मजुमदार यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. १९४० मध्यें ती लाहोरास आणि १९४१ मध्यें हैदराबादेस गेली. १९५० मध्यें ती नागपुरास आली, तेव्हां वऱ्हाडांतील अध्यापकांना ती घरच्या अंगणांत पाहावयास मिळाली. त्याच वर्षीं देवदत्त भांडारकर कलकत्त्यास निवर्तले. १९५३ मध्यें वाल्टेअर येथें धर्मशास्त्राचे इतिहासकार पांडुरंग वामन काणे परिषदेचे अध्यक्ष झाले. परिषदेचें नांव १९३५ चेंच राहिलें असतें तर धर्मशास्त्राच्या इतिहासकाराला तेथें स्थान मिळणें अवघड होतें. साऱ्या काळांचा मिळून एक सर्वंकष इतिहास लिहिण्याचें कामही परिषदेनें अंगावर घेतलें, आणि त्यांतील मौर्य व सातवाहन काळाचा खंड नीलकंठ शास्त्री यांच्या संपादकत्वाखालीं १९५७ मध्यें बाहेर पडला.

तथापि सर्व कांहीं साधलें असें म्हणतां येणार नाहीं. निबंधवाचनासाठीं काळानुसार शाखा पाडाव्या लागल्या. प्राचीनचा प्राध्यापक प्राचीनच्या खोलींत आणि अर्वाचीनचा अर्वाचीनच्या खोलींत, असें दृश्य अधिवेशनांत दिसूं लागलें. एका माणसाला संस्कृत, फारसी, मोडी व इंग्रजी या चारहींवर सारखेंच प्रभुत्व मिळवितां येत नाहीं, ही अडचण ठरावानें दूर होणारी नव्हती. मात्र या खोल्या एकाच घरांतल्या आहेत, आणि मधलें दार उघडें ठेविलें पाहिजे, हें १९३८ सालीं ठरून गेलें.

त्या दाराचा उपयोग काय, हें पुन्हां लोणारच सांगतें. तेथल्या खाऱ्या सरोवराकडे १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें लक्ष वेधलें. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो प्रचंड खळगा ज्वालामुखीचा असावा असें दीर्घकाळ पुष्कळ जाणते लोक मानीत आले. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तो उल्कापातानें झाला असल्याचें सिद्ध केलें. त्याचें वय एका रीतीनें सुमारें ५२ हजार वर्षें निघालें, तर नंतरच्या दुसऱ्या रीतीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार. मोहेंजोदडोच्या बाबतींत भांडारकरांचें जें झालें तेंच लोणारच्या बाबतींत भूगर्भवेत्त्यांचें झालें. ज्ञानाची वाट अशी दुरुस्त्यांनींच पुढें जाते, आणि दुरुस्ती बहुधा शेजारच्या खोलींतून येते.

त्या सरोवराच्या कांठीं जुनीं देवळें आहेत. गांवांत दैत्यसूदन उभा आहे. थोड्या अंतरावर जिजाबाईंचें माहेर आहे आणि निजामाच्या विजयाचें रणांगण आहे. शाळेंतला मुलगा सहलीला जातो तेव्हां हें सर्व एकाच दिवसांत पाहून येतो, आणि त्याला तें एकाच देशाचें वाटतें. प्राध्यापकांच्या सभेला तेंच मान्य करावयास तीन वर्षें लागलीं. तीन वर्षें म्हणजे फार नव्हेत. पुष्कळ सभांना त्याहून साध्या गोष्टी उभ्या जन्मांत मान्य होत नाहींत.