पिअर्सचें एंजिन व सन १९०३ चा दावा

न्यूझीलंडांतील टेमुका गांवाजवळचा शेतकरी रिचर्ड पिअर्स यानें ३१ मार्च १९०३ रोजीं, म्हणजे राइट बंधूंच्या आधीं साडेआठ महिने, विमान उडविलें असें पुष्कळ जण लिहितात. ही तारीख शेजाऱ्यांनीं अनेक वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणींवरून बसविलेली आहे. बखरीस जी योग्यता, तीच हिला. उलट पिअर्सचीं वर्तमानपत्रांस लिहिलेलीं १९१५ व १९२८ चीं पत्रें उपलब्ध आहेत. आपण ह्या कामास १९०४ त हात घातला, असें तो त्यांत सांगतो. स्वतःच्या कीर्तीस बाध आणणारें हें विधान खोटें मानण्यास कारण दिसत नाहीं.

एंजिनाची गोष्ट निराळी. तें त्यानें शेतावरच घडविलें. दोन सिलिंडर समोरासमोर आडवे. दट्ट्यांस दोन्ही अंगांनीं रेटा मिळे, म्हणून दोहोंत चोहोंचें काम होई. सांतोस-द्युमों यानें १९०७ त फ्रान्समध्यें अशाच आडव्या मांडणीचें एंजिन विमानास लावलें. पण तें कारखान्यांत तयार झालेलें! एकट्या शेतकऱ्याची ही कारागिरी मोठीच म्हटली पाहिजे. पिअर्स १९५३ त वारला. पुढें १९५८ त जॉर्ज बोल्ट यांनीं शेतावरील केराची जागा खणून त्याचे कांहीं यंत्रभाग मिळविले. तो पुरावा अस्सल खरा, पण त्यावरून साल ठरत नाहीं. विमानाविषयींचा तारीखवार सरकारी कागद म्हणजे त्याचा १९०६ चा पेटंटचा अर्ज. त्याहून जुना समकालीन कागद कोणीं पुढें आणल्यास १९०३ चा विचार पुन्हा करतां येईल.